गॅसवर थंड, लाईटवर ढिम्म : थ्री-वे फ्रीजचा रिव्ह्यू, त्याच्या हीटरसकट

आमच्या कॅम्पर व्हॅनमधला थ्री-वे फ्रीज वापरून तीन वर्षं होत आली. रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेलं, आणि ते एका अर्थी बरंच झालं, कारण पहिल्या वर्षी लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार देऊन मोकळी झाले असते आणि मागच्या ट्रिपला लिहिला असता तर हा डबा उचलून फेकून द्या असंच लिहिलं असतं. दोन्ही चुकीचं ठरलं असतं. आता फ्रीज नीट चालतोय, डोकं पण शांत आहे, म्हणून बसले लिहायला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, या जातीचे फ्रीज आतून सगळे एकाच घराण्यातले, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते तुमच्याकडे कुठलाही असला तरी बरंचसं लागू पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थ्री-वे म्हणजे तीन गोष्टींवर चालणारा : एलपीजी गॅसवर, कॅम्पसाईटच्या २३० व्होल्ट लाईटवर आणि गाडी चालू असताना १२ व्होल्टवर. घरच्या फ्रीजसारखा कॉम्प्रेसर यात नसतोच, मोटर नाही, घरघर नाही, रात्री डोक्याशी फ्रीज असून झोप लागते ती त्यामुळेच. मागच्या बाजूला बंद नळ्यांचं एक जाळं असतं, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा होतो, वर जाऊन निवतो आणि द्रव होतो, मग आतल्या भागात हायड्रोजनच्या संगतीत त्याची परत वाफ होते आणि होता होता तो फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो, शेवटी पाण्यात विरघळून पुन्हा बॉयलरकडे. स्टॉकहोमच्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स यांनी, १९२२ साली हे काढलं आणि मुळात आजही तेच चालू आहे. कॉलेजच्या पोरांनी केलेली वस्तू शंभर वर्षं टिकते, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

तर मुद्दा असा की हंडा एकच आहे आणि खाली चुली तीन आहेत. गॅसची ज्योत, २३० चा हीटर, १२ चा हीटर, तिघं मिळून एकाच बॉयलरला तापवतात (एका वेळी एकच). हे वाक्य मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं ना, तर माझे कितीतरी दिवस आणि एका मेकॅनिकचं तोंड बघणं वाचलं असतं.

झालं काय, की मागच्या ट्रिपला कॅम्पसाईटवर पोचलो, केबल जोडली, फ्रीज लाईटवर टाकला, दिवा लागला, छान. सकाळी उठून बघते तर दूध फाटलेलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. थर्मोस्टॅट फुल केला, दार घट्ट बंद केलं, तासाभराने परत उघडून बघितलं, काही फरक नाही. (तासाभराने बघणं हा पण मूर्खपणाच होता, हे फ्रीज कॉम्प्रेसरवाल्यासारखे पटकन थंड होत नाहीत, रिकामा गरम फ्रीज धड थंड व्हायला आठ-दहा तास सहज जातात, आणि दर अर्ध्या तासाने दार उघडून बघणाऱ्याला तर जन्मात थंड मिळणार नाही.)

वाटेत एक वर्कशॉप होतं, तिथे दाखवला. त्या भाऊंनी मागचं व्हेंटचं झाकण काढलं, नळ्यांवर हात फिरवला, "ताई, युनिट गेलं. आतला गॅस लीक झालाय, हा आता रिपेअर होत नाही, नवीन फ्रीज घ्या." दोन मिनिटात निकाल. मीटर लावला नाही, गॅसवर चालवून बघितला नाही, चालतो का असं विचारलं सुद्धा नाही. आणि मीही मुकाट्याने मान डोलावली आणि नवीन फ्रीजचे भाव बघत बसले. संध्याकाळी नवरा म्हणाला, अगं पण परवा रस्त्यात थांबलो होतो तेव्हा गॅसवर तर बर्फ झाला होता की. तेव्हा कुठे डोक्यात ट्यूब पेटली. गॅसवर थंड होतो म्हणजे नळ्यांमधलं सगळं जागच्या जागी आहे, लीक असता तर कुठलीही चूल पेटवा, उपयोग शून्य. बिघाड हंड्यात नाही, चुलीत आहे.

त्या वर्कशॉपला एक स्टार, तोही झाकणाचे स्क्रू परत नीट बसवले म्हणून.

खरंच युनिट गेलं असेल तर काय दिसतं ते पण सांगून ठेवते, म्हणजे उगाच आशेवर राहू नका. बॉयलरच्या आसपास किंवा नळ्यांच्या सांध्यांवर पिवळट पावडर साचलेली दिसते (गंज लागू नये म्हणून आत क्रोमेट घातलेलं असतं, ते पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकतं, हाताने पुसू नका, विषारी असतं), अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येतो, आणि बॉयलर चांगला तापूनही आतमध्ये काही थंड होत नाही, तिन्हीपैकी कशावरही नाही. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. आणि हो, गाडी तिरकी उभी असेल तरीही तिन्हीवर थंड होत नाही, कारण आत पंप नाही, सगळा द्रव उतारावरून आपापला वाहतो. त्यामुळे फ्रीजला शिव्या देण्याआधी गाडी समतल आहे का बघा. बराच वेळ तिरका चालवला तर बॉयलर नको तितका तापून युनिटची कायमची वाट लागते ती वेगळीच.

मग घरी येऊन मी स्वतः बसले. आधी फ्रीजमध्ये पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात थर्मामीटर. हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं, पाण्याचं खोटं बोलत नाही. गॅसवर १२ तास चालवला : ४ अंश. मग बंद करून, दार उघडं टाकून, सगळा नॉर्मलला आणून लाईटवर १२ तास : २७ अंश, बाहेर होते २८. म्हणजे कमी थंड वगैरे नाही, हीटर अजिबात तापतच नव्हता. हा फरक महत्त्वाचा आहे, अर्धवट थंड आणि अजिबात नाही हे दोन वेगळे आजार आहेत, अर्धवटवाल्याकडे पुढे १२ व्होल्टच्या वेळी येतेच.

हीटरपर्यंत पोचायचं म्हणजे बाहेरून खालचं व्हेंटचं झाकण काढायचं, आत बर्नरच्या वरच्या बाजूला बॉयलरभोवती पत्र्याचं गोल कव्हर दिसतं, त्यातून जाड आवरणाच्या वायरी बाहेर येतात. प्लग काढलेला, १२ चा फ्यूज काढलेला, गॅसचा व्हॉल्व्ह बंद आणि बॉयलर पूर्ण गार, हे चारही झाल्याशिवाय आत हात घालू नका. बॉयलर चालू असताना उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि गार व्हायला निवांत वेळ घेतो.

आता हिशोब, घाबरू नका, शाळेतलाच आहे. फ्रीजच्या आत एक प्लेट असते, आमच्यावर लिहिलंय २३० व्होल्ट १३५ वॅट आणि १२ व्होल्ट १२० वॅट. व्होल्टचा वर्ग करायचा आणि वॅटने भागायचं, येतील ते ओहम. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, भागिले १३५, येतात ३९२ ओहम. १२ वाल्याचे १४४ भागिले १२०, म्हणजे १.२ ओहम. तुमच्याकडे १२० व्होल्टचा सप्लाय असेल तर तोच १३५ वॅटचा हीटर १०७ ओहमचा निघेल. हीटरची तार गरम झाल्यावर तिचा रेझिस्टन्स फार बदलत नाही, थोडासाच वाढतो, म्हणून गार असताना मोजलेला आकडा चालतो. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नसतं, तो गार असताना भलताच कमी दाखवतो, म्हणून बल्बवरून सराव करायला जाऊ नका.

हीटरच्या दोन्ही वायरी कनेक्टरमधून सोडवल्या. सोडवायच्याच, नाहीतर मीटर आजूबाजूचं सगळंच मोजतो आणि भलते आकडे येतात. मल्टीमीटर ओहमवर लावला, ३९२ च्या आसपास यायला हवं होतं, आलं "ओएल". म्हणजे आत तार तुटलेली, रस्ताच बंद. एवढंच होतं सगळं. ज्याच्यासाठी नवीन फ्रीज घ्यायला निघाले होते ते बोटाएवढ्या नळीतली एक तार तुटलेली.

थर्मोस्टॅट आणि स्विचकडून हीटरच्या कनेक्टरपर्यंत २३० येत होते, ते आधी एका वायरमन ओळखीच्यांकडून तपासून घेतलं होतं. चालू लाईटवर मोजायचा ज्याला सराव नाही त्याने मोजू नये, त्यापेक्षा क्लॅम्प मीटर बरा : हीटरला जाणारी एकच वायर त्याच्या जबड्यात धरायची, १३५ वॅटला साधारण ०.६ अँपिअर दिसायला हवेत. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्यच दाखवतो, जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. मी पहिल्यांदा तेच केलं आणि पाच मिनिटं हीटर दोनदा मेल्याचं दुःख केलं.

आता नव्या हीटरचा रिव्ह्यू, खरं तर याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. ऑनलाईन मागवला, आमच्या मॉडेलला चालतो असं लिहिलेलं, पाकिटावर १३५ वॅट छापलेलं. दिसायला हुबेहूब. पण एकदा हात पोळल्यावर मी आता मीटर लावल्याशिवाय कशालाच हात लावत नाही, पाकीट फोडून तिथेच मोजला तर ३०५ ओहम. ५२,९०० भागिले ३०५ म्हणजे १७३ वॅट! छापलं १३५ आणि आत १७३. बसवला असता तर बॉयलरला गरजेच्या सव्वापटीहून जास्त उष्णता मिळाली असती, फ्रीज जास्त थंड वगैरे होत नाही त्याने, उलट कमी होऊ शकतो, कारण अमोनियाबरोबर पाण्याची वाफही वर जायला लागते. मीटरच्या आकड्याचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला, त्यांनी वाद न घालता बदलून दिला, दुसरा आला तो ३९४. छपाईला शून्य, वागणुकीला पाच, म्हणून मधले तीन स्टार.

बसवणं वाटलं तितकं अवघड नाही पण घाणेरडं काम आहे. पत्र्याचं कव्हर उघडलं की आत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेलं असतं, त्याने अंग इतकं खाजतं की विचारू नका, हातमोजे आणि मास्क घालाच. बॉयलरच्या नळीला चिकटून हीटरसाठी वेल्ड केलेले दोन खिसे असतात, एकात २३० चा आणि शेजारी १२ चा. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून काढायच्या आधी फोटो काढा आणि वायरीला चिकटपट्टी लावून नाव घाला. १२ चा हीटर चुकून २३० ला जोडला तर काय होईल हे १.२ ओहमवरून तुम्हीच काढा. जुना हीटर खिशात जाम बसला होता, ओढून येईना, पक्कडीने धरून आधी थोडा थोडा फिरवला, मग वर ओढला, नवरा टॉर्च धरून "हळू, हळू" म्हणत होता ज्याचा काडीचा उपयोग नव्हता. नवीन घालताना तो जुन्याइतकाच खोल गेला पाहिजे, मी जुन्यावर मार्करने खूण करून ठेवली होती. वर राहिला तर उष्णता बॉयलरला मिळायच्या ऐवजी हीटर स्वतःच भाजून जातो. रॉकवूल परत तसंच्या तसं दाबून भरायचं, अर्धं बाहेर ठेवलं तर अर्धी उष्णता हवेत.

लाईटवर १२ तास, ग्लासातलं पाणी ५ अंश. झालं म्हटलं.

झालं कुठलं. आता सगळं बारकाईने बघायची सवय लागली होती म्हणून १२ व्होल्टवर पण ग्लासाची परीक्षा घेतली आणि तिथे निघाले १५ अंश. हा तो अर्धवटवाला आजार. इतके दिवस गाडी चालताना "बाहेर ऊन आहे म्हणून" असं समजून सोडून देत होते. १२ चा हीटर मोजला तर मीटरवर १.५ आले. इथे एक गंमत आहे, मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवल्या तर शून्य यायला हवं, माझ्या मीटरला येतात ०.३, ते त्याच्या वायरींचे स्वतःचे. ३९२ मधून ०.३ गेले काय आणि राहिले काय, पण १.५ मधून वजा केले की बरोबर १.२. म्हणजे हीटर ठणठणीत.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, फ्रीज १२ वर, पण हीटरच्या वायरी सोडवून ठेवून त्याच्या कनेक्टरवर मोजलं : १३.६. अगदी हवं तसं. इथेच बरेच जण थांबतात आणि मीही थांबणार होते, पण वायरमन काका म्हणाले लोड टाकून बघा. हीटर परत जोडून फ्रीज १२ वर चालू केला आणि तिथेच मोजलं : ९.८. बॅटरीवर तेव्हाही १३.६ च होते. म्हणजे जवळजवळ ४ व्होल्ट वाटेत गायब. ९.८ चा वर्ग भागिले १.२ म्हणजे ८० वॅट, १२० च्या जागी ८०, तीनातला एक भाग गेला, मग थंड काय कप्पाळ होणार.

कुठे गेले ते शोधायला तुकड्या-तुकड्याने मोजत गेलो. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत पाच मीटर जायला, पाच यायला, वायर घातलेली दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), तिच्यातच एक व्होल्ट जात होता. उरलेले २.८ व्होल्ट एका फ्यूज होल्डरवर. सीटखाली, कधीच कोणी न बघितलेला. हात लावला तर चटका. प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूने वितळलेलं, आतली चपटी पिन काळी ठिक्कर, फ्यूज मात्र शाबूत. हिशोब केला : ८.२ अँपिअर गुणिले २.८ म्हणजे २३ वॅट, छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे आम्ही दर ट्रिपला सीटखाली एक पेटती सोल्डरिंग आयर्न घेऊन फिरत होतो आणि वर गाद्या टाकून झोपत होतो. फ्यूज उडणार तरी का, करंट तर उलट कमीच होता. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

नवीन होल्डर, नीट क्रिम्प केलेले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या), सहा स्क्वेअरची वायर. आता लोडवर हीटरला १३.१ मिळतात आणि ग्लासात ७ अंश. ५ होत नाहीत आणि होणारही नाहीत, आमच्या मॉडेलमध्ये १२ व्होल्टला थर्मोस्टॅट लागूच होत नाही, हीटर सतत चालतो आणि तरी चालत्या गाडीत एवढंच जमतं. विक्रेते हे कधी सांगत नाहीत, "बॅटरीवर पण चालतो" असं ठोकून देतात. इंजिन बंद करून १० अँपिअरने चालवला तर १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी पाच तासांत निम्मी. म्हणून इंजिन बंद झालं की १२ ची लाईन तोडणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) गाडीत असतो, आणि कधी कधी तो रिलेच मेलेला असतो. डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर हे सगळं दहा मिनिटांत कळतं, घेताना डीसी मोजतो का तेवढं विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

एक प्रकार माझ्याकडे झाला नाही पण काकांच्या गाडीत झाला : हीटरचे ओहम बरोबर आणि तरी प्लग लावला की कॅम्पसाईटचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा सुरक्षा स्विच) ट्रिप. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पावडर ठासलेली असते, ती दमट हवेत बरेच महिने पडून राहिली की ओल पिते आणि करंट बॉडीत गळायला लागतो. साध्या मीटरला ते बहुतेक दिसत नाही, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावावा लागतो. त्यांनी फ्रीज दिवसभर गॅसवर चालवला, बॉयलरच्या उष्णतेने शेजारचा हीटर सुकला, ट्रिप बंद. दर वेळी जमेलच असं नाही, नाहीतर बदलावा लागतो. आरसीसीबी बायपास करून चालवणाऱ्यांना मात्र माझा लांबूनच नमस्कार.

फ्रीजला माझ्याकडून चार स्टार. गॅसवर पूर्ण पाच, लाईटवर पाच, १२ वर अडीच, आणि हीटरपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागतात म्हणून थोडे कापले. ज्यांना रोज गाडी हलवायची आणि सोलर भरपूर आहे त्यांनी सरळ कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्ट फ्रीज घ्यावा. आम्ही एका जागी चार-चार दिवस राहतो, आम्हाला हाच बरा.

जुना हीटर मी हॅकसॉने उभा चिरून बघितला. आत पांढरी भुकटी आणि केसासारखी बारीक स्प्रिंग, वायर जिथे जोडतात तिथून दोन सेंटीमीटरवर तुटलेली, तुटल्या टोकाला काळा ठिपका. तो तुकडा आता व्हेंटच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीने लावून ठेवलाय, आणि शेजारी मार्करने लिहिलंय : लाईट ३९४, गाडी १.२, लोडवर १३.१.